परघर

ग्लास तसाच होता. स्टीलचा, तळाशी पोचा आलेला, कठड्याच्या सावलीत ठेवलेला. पण सावली केव्हाच सरकली होती आणि ग्लास आता निम्मा उन्हात होता. पाण्यावर लिंबाचं एक पिवळं पान पडलं होतं. वारा आला की ते जरा फिरायचं, काठाला टेकायचं, पुन्हा मधे यायचं... म्हणजे कुणी हात लावला नव्हता. साडेसातला ठेवला होता, आता दहा वाजत आले. कालचा ग्लास त्यांनी स्वतःच उचलून जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला होता, परवाचाही.

अहिरेसर खिडकीतून मागे झाले. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, अडतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली, चर्चच्या मंडळीतला जाणता, आणि सकाळपासून तिसऱ्यांदा खिडकीशी येऊन बघतोय, एका बाईनं पाणी प्यायलं की नाही.

दोष कुणाचा असलाच तर त्यांच्या जिभेचा होता. मागच्या रविवारी पाळकसाहेब धुळ्याला गेलेले, उपदेश सरांकडे आला, आणि सरांनी आपला ठरलेला विषय घेतला, परक्याचं स्वागत. बायबलमधला तो भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेला म्हातारा, समोर येऊन उभे राहिलेले तीन अनोळखी वाटसरू, आणि तो म्हातारा उठून त्यांच्याकडे धावत जातो. 'धावत' हा शब्द सर नेहमी दोनदा म्हणायचे, बोट वर करून. परक्याच्या रूपात आपल्या दाराशी कोण उभं आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा दार उघडताना तू कुठला आणि कुणाचा हे विचारू नये... माना डोलल्या होत्या. उपासना सुटल्यावर चार जणांनी हात मिळवले होते. आणि गुरुवारी दुपारी कामिनीचा फोन आला.

कामिनी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, मंडळीतलीच, चौकापलीकडच्या लहान बाळांच्या दवाखान्यात नर्स.

"सर, तुमच्या मागच्या खोलीत कुणी राहतं का हो?"

"नाही," सर म्हणाले. खरं बोलायची सवय.

"मग दोघींना पाठवते. सासू-सून आहेत, धरणगावकडच्या. सून सातव्या महिन्यात बाळंत झाली, बाळ आमच्याकडे काचेच्या पेटीत आहे. आईनं दर तीन तासांनी दूध काढून द्यायचं असतं, त्यामुळे गावाला जाता येत नाही. इथल्या नातेवाइकांसाठीच्या शेडचे पत्रे काढलेत, काम चाललंय. ओली बाळंतीण जिन्याखाली बसते सर, असल्या उन्हात. तुम्ही रविवारी बोललात ना, तेव्हापासून तुमचंच घर डोक्यात होतं."

रविवारचं बोलणं गुरुवारपर्यंत कुणी डोक्यात ठेवतं, हे सरांना इतक्या वर्षांत प्रथमच कळत होतं.

धावत वगैरे काही ते गेले नाहीत. चपला शोधण्यातच वेळ गेला. फाटकाशी एक उंच, वाळकी, साठीची बाई उभी होती, डोक्यावर पदर, काखेत बोचकं. ती बेबाबाई. तिच्या मागे कान-डोकं रुमालानं घट्ट बांधलेली, पांढरी पडलेली सून, भूमिका. बावीस वर्षांचीही नसेल. मुलगा भूषण मोटारसायकलवरून पिशव्या उतरवत होता. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, सुटी नाही, एक दिवसाआड सकाळी घरचा डबा आणून देईन म्हणाला. हात जोडले आणि गेला. सरांनी मागची खोली उघडून दिली, पंखा लावून दाखवला, नळ कुठे ते दाखवलं, म्हणाले, "आपण निःसंकोचपणे राहावं. काही लागल्यास जरूर कळवावं." बेबाबाईनं एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

"आमले नुसती सावली पुरे, भाऊ," ती म्हणाली.

आणि खरोखरच तिनं सावलीखेरीज काही घेतलं नाही. चहा केला, नको. नळाचं पाणी, नको. दवाखान्यातून पाच लिटरचा कॅन भरून ती भर उन्हात चौक ओलांडून आणायची आणि सरांच्या नळासमोरून घेऊन जायची. बिस्किटांचा पुडा तिनं परत आणून खिडकीत ठेवला, फोडलासुद्धा नव्हता. "मना नेम शे भाऊ, मी परघरनं खात नही." एवढंच. आवाज मऊ होता. पण मऊ आवाजात सांगितलं म्हणून काय झालं... परघर म्हणजे कुठलं घर? सगळीच परकी घरं, की हे घर? हे तिला विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं ते ऐकायचीच भीती होती, खरं म्हणजे.

त्यात गुरुवारी संध्याकाळी नीलेशचा फोन. मुलगा पुण्याला. "पप्पा, तुम्ही कुणाला ठेवून घेता, ठीक आहे. पण दिवस कसे आहेत माहितीये ना? उद्या त्यांच्या गावातल्या कुणी उठवलं, की बाळाच्या नावाखाली बाईला तिकडे नेऊन ठेवलीय, धर्मांतर चाललंय... निदान बाहेरच्या खोलीतलं ते वचन तरी काढून ठेवा, चार दिवस." फोन ठेवल्यावर सर बराच वेळ त्या चौकटीखाली उभे होते. बायकोच्या, लताच्या हातचं भरतकाम, लाल दोऱ्यातला क्रूस आणि खाली एक ओळ. मग त्यांनी स्टूल घेतलं आणि चौकट उतरवली. कपाटात, शालीखाली ठेवली. भिंतीवर चौकोनी फिकट जागा उरली, आजूबाजूच्या भिंतीपेक्षा स्वच्छ. मी देवाला नाही लपवलं, ते स्वतःला सांगत होते, मी फक्त पाहुण्यांची अडचण... पण अडचण कुणाची होती?

आणि एवढं करूनही ग्लास तसाच.

त्यांना साक्रीचा बाजार आठवला. आठवला असं म्हणणं बरोबर नाही, तो आठवावा लागत नव्हता, ग्लासातल्या त्या पानासारखा फिरून मधे यायचा. बाप मिशनच्या बंगल्यावर माळी. आठवड्याच्या बाजाराला शांत्याला बरोबर न्यायचा, शांत्या म्हणजे मी, तेव्हा सात वर्षांचा. डोंगराकडून लोक लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरायचे, मिरच्यांचे ढीग, आणि चहाच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीत एक कोनाडा. कोनाड्यात कान तुटलेला एक कप. बाप तो कप स्वतः उचलायचा, रांजणाजवळ जाऊन विसळायचा, पुढे धरायचा. वरून चहा पडायचा, धार लांब. पिऊन झाल्यावर बाप कप पुन्हा विसळायचा, पालथा घालून कोनाड्यात ठेवायचा. अगदी नीट. कुणी सांगायचं नाही, कुणी रागवायचं नाही, सगळं मऊ आवाजात. परतताना शांत्यानं एकदा विचारलं होतं, आपला कप वेगळा का? बाप चालत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाळ, शिक."

शिकलो. भाषा बदलली, शहर बदललं, मेहरूणला तलावाजवळ घर बांधलं, या घराच्या फडताळातले सगळे कप एकसारखे आहेत. आणि आज साठ वर्षांनी, माझ्याच घरात, माझ्याच कठड्यावर...

राग येऊ लागला तेव्हा त्यांना बरं वाटलं. राग स्पष्ट असतो. त्यांनी वाक्य तयार केलं, तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. "उद्या माझी बहीण येतेय साक्रीहून, खोली लागेल." बहीण साक्रीला होती हे खरं होतं. येत नव्हती, एवढंच. कामिनीला काय सांगायचं? तिलाही तेच. बाळाला काही होणार नव्हतं त्यानं. काढतील दुसरीकडे सोय. परक्याला घरात घ्यावं हे बरोबर. पण परक्यानंही निदान घरात यायला नको का?

लता असती तर? तिला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या वेळी या घरात कोण कोण येऊन जेवून गेलं. परीक्षेला आलेली खेड्यातली पोरं, कुणाकुणाचे पाहुणे. सर त्यांच्याशी ओसरीवर बोलत बसायचे. बोलणं हे सरांचं खातं. एकदा असाच तंबूचा उपदेश करून ते घरी आले होते, खुशीत, आणि लता पाट्यावर चटणी वाटता वाटता म्हणाली होती, "छान झालं सगळं. म्हातारा धावला, ते तर फारच छान. पण आत पीठ कोण मळत होतं, ते नाही सांगितलंत." ते हसले होते. तीही हसली होती. नंतर त्यांनी तो उपदेश निदान सहा वेळा केला, आणि पीठ मळणारी एकदाही त्यात आली नाही.

ते मागच्या दाराकडे निघाले. वाक्य तोंडात तयार होतं.

दार उघडलं तर धूर आला.

परसात, भिंतीच्या कडेला, तीन विटा मांडून बेबाबाईनं चूल केली होती. त्या उन्हात. पुठ्ठ्याचे तुकडे, लिंबाच्या वाळक्या काटक्या, वर लहानसं जर्मनचं पातेलं. भूषणनं सकाळी आणलेला डबा बाजूला उघडा पडला होता आणि त्याचा आंबूस वास इथपर्यंत येत होता. धरणगावहून इथवर येईस्तोवरच विटला असणार, या दिवसांत अन्न दोन तास टिकत नाही. पातेल्यात बाजरीच्या पिठाची राब शिजत होती. भूमिका खोलीच्या उंबऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटलेले. दोन दिवस ती खानावळीतली तिखट भाजी पाण्यात धुऊन खात होती, हे सरांना कामिनीकडून काल कळलं होतं. दूध उतरत नाही सर, कामिनी म्हणाली होती, आईच्या पोटात काही गेल्याशिवाय येणार कुठून... ते त्यांनी ऐकलं होतं. ऐकून ठेवून दिलं होतं.

तलावाकडून वारा आला. जाळ एकदम आडवा झाला. बेबाबाईनं पदरानं आडोसा धरला, तसा पदराचा काठ जाळाकडे ओढला गेला. तिनं तो झटकला, आणि त्या झटक्यानं एक वीट हलली. पातेलं कलंडलं. राब मातीत गेली, सावकाश, जाडसर, वाफ टाकत.

  बेबाबाईनं पातेलं सरळ केलं, आत बोटभर उरली होती ती बघितली, आणि बसल्या जागी हात गुडघ्यावर ठेवून नुसती बसून राहिली. तिचे ओठ कोरडे होते, चिरलेले. दवाखान्यातल्या कॅनमधलं पाणी ती सुनेसाठी पुरवून वापरत असणार, हे आत्ता सरांच्या लक्षात आलं. नेम तिचा होता, आणि तहान तिला लागत नव्हती असं नव्हे.

"माय," सर म्हणाले, आणि स्वतःच दचकले. कारण पुढचे शब्द जे आले ते शाळेतले नव्हते, व्यासपीठावरचेही नव्हते. चाळीस वर्षांत ते घराबाहेर कुणाशी तसं बोलले नव्हते. "माय, घरमा गॅस शे. तठे करा ना."

बेबाबाईनं मान वर केली. ती त्यांच्याकडे बघू लागली, जणू हा माणूस आत्ताच आला होता.

"तुमले आमनी बोली येस?"

"मी साक्रीना शे."

"मंग इतला दिन काब्र नही बोलनात?" ती म्हणाली. आवाजात तक्रार होती, पहिल्यांदाच. "सायबनागत बोली राहिंतात. आमले वाटनं, कोनी मोठा माणूस शे. घरमा कसं जावानं..."

सरांच्या मनात आलं, तीन दिवस मी हिच्या दाराशी साहेब होऊन उभा होतो, आणि पाणी का पीत नाही म्हणून खिडकीतून बघत होतो. पण लगेच दुसरा विचार, ही पळवाट तर नाही? की ती खरंच बुजली होती, आणि नेमही खराच आहे, आणि तिसरंही काही आहे? माणसात सगळंच एका वेळी असतं.

"मना नेम शे," ती पुन्हा म्हणाली, आता समजावल्यासारखी. "मी मना हातनंच खास."

"मंग तुमना हातनंच करा," सर म्हणाले. "आजथीन ती चूल तुमनी. मी आत येत नही."

बोलून गेल्यावर कळलं आपण काय देऊन बसलो ते. ते स्वयंपाकघर सर वापरत नव्हते. चहापुरता गॅस, एक पातेलं, गाळणी, बस्स, जेवण डब्याचं. बाकी सगळं लतानं ठेवलं होतं तसं. फळीवरचे डबे, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिचं तिरकं अक्षर, जिरे, ओवा, खोबरं... डबे रिकामेच होते, पण ते हलवले नव्हते. आपण देवळात जसे बेताबेतानं जातो तसे ते त्या खोलीत जायचे. आणि आता आतून भांडी खाली काढल्याचा आवाज येत होता. एक. दोन. मग धडाधड.

ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले. पेपर उघडला.

मग घासण्याचा आवाज सुरू झाला.

तो थांबेना. ती एक भांडं घासत नव्हती, दोन घासत नव्हती, ती सगळी भांडी घासत होती. मागच्या मोरीत नेऊन, राखेनं, नारळाच्या शेंडीनं, घसघस घसघस, तवा, परात, तांबे, वाट्या. जी लागणारसुद्धा नव्हती ती. सरांनी पेपर बाजूला ठेवला. म्हणजे असं आहे. आमच्या घरची भांडी अशीच कशी चालतील... बाप कप स्वतः विसळून ठेवायचा. प्यायच्या आधी एकदा, नंतर एकदा. इथे ही बाई विसळते आहे, फरक काय? ते उठले. पुन्हा बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा त्यांना आणखी राग आला. सांगावं आत्ताच जाऊन, ठेवा ती भांडी, त्यातल्या प्रत्येक भांड्याला माझ्या बायकोचा हात लागलाय.

ते मोरीपाशी गेले तेव्हा बेबाबाई पाठमोरी उकिडवी बसली होती. घासायच्या राहिलेल्या भांड्यांचा ढीग तिच्या डाव्या हाताला होता. सरांनी वरची कढई पाहिली. आत धूळ. नुसती धूळ नव्हे, तेलकट, दीड वर्षाची, बोट फिरवलं तर कातडीसारखी निघेल अशी. एका वाटीत कोळ्यानं जाळं केलं होतं. परातीत पालीच्या लेंड्या. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. डब्यांवरचं अक्षर तेवढं ते बघत असत.

कशासाठी घासत होती ती? या धुळीसाठी, की त्या कोनाड्यासाठी? ते तिथे उभे राहून ठरवायचा प्रयत्न करत राहिले, आणि ठरेना. तिच्या पाठीवरून घाम वाहत होता. राखेनं हात कोपरापर्यंत काळे झाले होते. एखादं भांडं बाटलंय म्हणून माणूस इतकं घासतो का? की इतकं घासलं जातं ते एखादं घर बरेच दिवस बंद होतं म्हणून... सरांनी दाराच्या खिळ्यावरचं जुनं धोतर ओढलं, फाडलं, आणि खाली बसले. गुडघे वाजले. एक धुतलेला तांब्या उचलून ते पुसू लागले.

तिनं मान वळवून पाहिलं.  पुढची चार भांडी तिनं पूर्वीसारखीच धुऊन फरशीवर ठेवली, सरांनी ती तिथून उचलली. मग परात आली. मोठी, जड, ओली. तिनं ती खाली ठेवली नाही. तशीच पुढे केली, आणि सरांनी ती घेईपर्यंत धरून ठेवली. क्षणभर दोघांचे हात त्या एका परातीला होते. मग वाटी, मग पळी, सांडशी. हातातून हातात. तिला त्यात विशेष काही वाटलं असेल असं तिच्या तोंडावरून दिसलं नाही. कामाला बसलं की भांडी अशीच पुढे करतात, एवढंच असेल. सर मात्र प्रत्येक भांड्याला जरा जास्तच वेळ लावू लागले.

"बाई कई गयी?" बेबाबाईनं हात न थांबवता विचारलं.

"दीड वरीस व्हयनं."

"हं," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "चांगली भांडी शेतस तिनी. जड शेतस."

पाऊण वाजता घरात भाकरी थापल्याचा आवाज आला. सर बाहेरच्या खोलीत डब्याची वाट बघत बसले होते; आपण आत येणार नाही असं म्हटलं होतं, तो शब्द पाळायचा होता. पिशव्यांतून आणलेल्या मुगाच्या डाळीला लसणाची फोडणी बसली आणि तो वास बाहेरच्या खोलीपर्यंत आला. घराच्या या भागात हा वास किती दिवसांनी... भूमिका भिंत धरत धरत आत गेली, आणि मग तिच्या खाण्याचा, वाटीत चमचा लागण्याचा बारीक आवाज. कितीतरी वेळ. एकदा बेबाबाई दरडावल्यासारखी म्हणाली, "आखो ले. लाज नको."

मग ती दारात आली.

"बठा जेवाले, भाऊ."

"माझा डबा येतो," सर म्हणाले, आणि लगेच, "येईल आता."

"येऊ द्या. संध्याकायले खाज्या तो. बठा."

लताच्या जागी पाट मांडला होता. मांडणाऱ्या बाईला ती कुणाची जागा ते माहीत असायचं कारण नव्हतं. बाजरीची भाकरी, डाळ, लाल मिरचीचा ठेचा, आणि कांदा बुक्कीनं फोडलेला. सर बसले. स्वतःच्या घरात त्यांना कुणीतरी 'बसा' म्हणालं होतं आणि ते पाहुण्यासारखे अवघडून बसले होते, कुठे हात धुवावा हेही एकदा इकडेतिकडे बघून ठरवावं लागलं. घास तोंडात गेला. मी हिच्या हातचं खातोय, ही माझ्या हातचं पाणी पीत नाही. हा काटा होताच, गेला नव्हता. पण तो आता जरा खाली, भाकरीच्या खाली कुठेतरी होता, आणि भाकरी गरम होती.

डाळ वाढताना बेबाबाई दारातून बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडे बघत होती.

"तठे काय व्हतं? डाग दखास भितवर."

सरांनी घास खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. बायकोनं भरलेली चौकट, आमच्या देवाची. तुमची अडचण होऊ नये म्हणून काढली. सांगताना ते खाली बघत होते. तिसरीतल्या पोरानं खडू चोरल्याचं कबूल करावं तसं.

"मनी अडचन?" बेबाबाई म्हणाली. तिला खरंच कळलं नसावं. पळी हातात धरून ती जरा विचारात पडली. "तुमना देव तुमना घरमा नही राहे तर कोठे राही? लाई द्या तो. घर उघडं दखास."

दुपारी त्या दोघी झोपल्यावर सरांनी स्टूल घेतलं. चौकट परत लावली. जरा तिरकी लागली, ती त्यांनी तशीच राहू दिली.

संध्याकाळी सहाच्या दुधाच्या वेळी भूमिकेला चालताना चक्कर येईल असं वाटत होतं, आणि बेबाबाईच्या हातात पिशवी, कॅन, सुनेचा दंड. सर म्हणाले, मी येतो. चौक ओलांडताना ते दोघींच्या उन्हाच्या बाजूनं चालले. आठ मिनिटांचा रस्ता. भूमिका मधे एकदा थांबली आणि दवाखान्याच्या दिशेनं न बघता, रस्त्याकडे बघत, बारीक आवाजात म्हणाली, "आज भरल्यासारखं वाटतंय." कुणाला म्हणाली ते कळलं नाही. बेबाबाईनं तिचा दंड सोडला नाही, पण बोटं जरा हलली, थोपटल्यासारखी.

कामिनी आत घेऊन गेली सुनेला. वीस मिनिटांनी दोघी बाहेर आल्या तेव्हा कामिनीच्या हातात लहानशी बाटली होती आणि तिनं ती उजेडाकडे धरून दाखवली. कालच्या दुपटीहून जास्त. "नळीनं घेतलं त्यानं," ती म्हणाली. "उलटी नाही केली. अजून पुष्कळ दिवस जायचेत हं, मावशी. पण आज घेतलं." बेबाबाईनं बाटलीकडे पाहिलं, कामिनीकडे पाहिलं, आणि पदर डोळ्यांना न लावता तोंडाला लावला.

काचेतून बाळ बघायची वेळ झाली. दाराशी पहारेकरी वही घेऊन बसला होता, एका बाळामागे आईखेरीज दोघंच. बेबाबाईनं आपलं नाव सांगितलं. मग तिनं मागे वळून सरांकडे मान हलवली, या, अशी. सरांना वाटलं होतं, दुसरी जागा ती भूषणसाठी राखत असेल. नव्हती.

"काका, तुम्ही पेशंटचे कोण?" पहारेकऱ्यानं पेन उचललं.

 साधा प्रश्न होता. घरमालक म्हणावं? घरमालक कशाचे. शेजारी, ओळखीचे, हितचिंतक... चांगले शब्द होते, नेहमी हाताशी असत. पहारेकरी वाट बघत होता, मागे रांग होती.

"मी... मी यांच्याकडे राहतो," सर म्हणाले.

म्हणून झाल्यावर काय म्हणालो ते त्यांच्या कानावर आलं. दुरुस्त करायला तोंड उघडलं. तेवढ्यात भूमिकेनं हसू आवरायला पदर ओठांवर घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा ती तिच्या वयाची दिसली. बेबाबाई मात्र हसली नाही. "लिखी ल्या," तिनं पहारेकऱ्याला सांगितलं, "घरनाच शेतस." आणि ती काचेकडे चालू लागली.

काचेपलीकडे निळसर उजेड होता. त्यात एक मूठ होती, चिंचोक्याएवढ्या बोटांची, आणि ती मिटत होती, उघडत होती, कशाला तरी धरू बघत होती. बेबाबाई काचेला कपाळ टेकून उभी राहिली. बाजूला जागा होती. सर तिथे जाऊन उभे राहिले. वहीत जे लिहिलं गेलं ते चूक होतं, आणि ते जाऊन बरोबर करून यावं असं त्यांना वाटेना. इतक्या वर्षांत प्रत्येक गोष्टीला काही ना काही वाक्य त्यांच्याकडे तयार असे. आत्ता एकही सुचत नव्हतं. मनात नुसती मोकळी जागा होती, घासून काढल्यासारखी, आणि तिच्यात कोण येणार आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं.